वरण वाढायचा हात

रबरी हातावर पडलेला हळदीचा डाग कुठल्याही साबणाने निघत नाही. लिंबू, दही, रॉकेल, थिनर, सगळं करून पाहिलं आहे. तुम्ही उगाच वेळ घालवू नका. हिंदी-मराठी सीमेवरच्या बालाघाटला कृत्रिम हात-पाय बसवून देण्याच्या केंद्रात माझी सारी नोकरी गेली, आणि ज्या थोड्या गोष्टी मी शपथेवर सांगू शकतो त्यांत ही एक आहे.

लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारतो, "साहेब, सगळ्यात चांगला हात कोणता?" मी विचारतो, "कशासाठी?" त्याला वाटतं, साहेब उत्तर टाळताहेत. टाळत नाही हो. पायाला एकच काम असतं, चालण्याचं. त्यामुळे पायांत उजवं-डावं करता येतं. हा पाय हलका, तो टिकाऊ, त्याचा गुडघा नीट वळतो. हाताचं तसं नाही. हात सकाळी दात घासतो, दुपारी कुलूप उघडतो, संध्याकाळी नातवाच्या पाठीत धपाटा घालतो. आमच्याकडे कपाटात तीन प्रकारचे हात असायचे, आणि यातलं सगळं करणारा त्यांत एकही नव्हता.

पहिला शोभेचा. आत फोम, वर कातडीच्या रंगाचा रबरी मोजा, नखंसुद्धा रंगवलेली. काही धरत नाही, काही सोडत नाही. आमच्यातले नवीन लोक याला हसतात. पण बालाघाटात एका कार्यालयात काम करणारी एक मुलगी हाच हात घालून रोज बसने ये-जा करायची. सगळं काम ती एका हाताने इतक्या झपाट्याने करायची की दुसऱ्याची तिला गरजच नव्हती. "काका, यह सिर्फ बस के लिए है," असं ती मला म्हणाली होती. बसमध्ये कुणी टक लावून पाहू नये, एवढ्यासाठी. दिसणं हेही एक कामच आहे, आणि ते हा हात चोख करतो.

दुसरा तारेचा. याच्या टोकाला बहुतेक वेळा पोलादी आकडा असतो, दोन वाकड्या बोटांचा, चिमट्यासारखा. दुसऱ्या खांद्याभोवती एक पट्टा येतो आणि पट्ट्यापासून आकड्यापर्यंत तार. खांदा पुढे नेला की तार ताणते आणि आकडा उघडतो; खांदा सैल सोडला की रबर त्याला मिटवतं. दिसायला भयंकर, पण कामाला वाघ. आकडा किती उघडला आहे हे खांद्याला ताणावरून कळतं, त्याच्याकडे बघत बसावं लागत नाही. बैहरकडचा एक जंगल कामगार याच आकड्याने तेंदूपानांचे पुडे बांधायचा, आणि पाहुणे आले की चुलीवरचं उकळतं भगोनं फडक्याशिवाय उतरवून दाखवायचा. तो माझ्याकडे फक्त तार तुटली की यायचा. सायकलच्या दुकानातून ब्रेकची तार आणायची, बसवायची, चहा पाजायचा. विषय संपला.

तिसरा बॅटरीचा. उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की कातडीवर अगदी बारीक वीज उमटते. आतली यंत्रणा ती ओळखते आणि मोटर बोटं मिटवते. काळी चकचकीत पाच बोटं एकेक करून वळतात तेव्हा बघणाऱ्याचा आ वासतो. भरवेलीच्या एका मास्तरांना मी हा बसवला, आणि त्यांचं त्यावाचून पान हलत नाही. पुस्तक धरतात, मोबाइल धरतात, स्कूटरची किल्ली फिरवतात. फक्त मुलीच्या लग्नात घोटाळा झाला. मे महिना, अंगावर कोट, घामाच्या धारा. घाम शिरला की या यंत्रणेला काही सुचत नाही. समधी भेटीच्या वेळी मास्तरांनी व्याह्याचा हात हातात घेतला आणि तो सुटेचना. व्याह्याला वाटलं, काय हा जिव्हाळा! त्याने दुसरा हात वर ठेवला, मग मास्तरांनी ठेवला, फोटोवाल्याने भरपूर फोटो काढले. शेवटी मास्तर कानात म्हणाले, "भाऊसाहेब, जरा बटन दाबाव लागन." ते व्याही अजून सगळ्यांना सांगतात, असा मनापासून हात धरणारा माणूस पाहिला नाही.

हे सगळं सांगितलं ते अनुसयाची गोष्ट कळावी म्हणून.

अनुसया वारासिवनीजवळच्या एका गावची, चाळिशीतली बाई. गावातल्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण बनवायची. आमच्याकडे हे काम बायकांचा समूह करतो आणि स्वयंपाक करणारीला रसोइया म्हणतात. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत थ्रेशरमध्ये पेंढ्या घालताना तिचा उजवा हात ओढला गेला. कोपर वाचलं, त्याखाली थोडा हात वाचला. जखम भरल्यावर एका शिबिरात तिला बॅटरीचा हात मिळाला. हार घातलेला फोटोही निघाला. देणाऱ्यांची दानत खोटी नव्हती, हात चांगल्या प्रतीचा होता. पण पाण्यापासून, वाफेपासून, पिठापासून दूर ठेवा, असं त्याच्या डब्यावरच लिहिलेलं. रसोइया बाईने या तिन्हींपासून दूर राहायचं म्हणजे घरीच बसायचं. नवरा तेजलाल तिला मोटारसायकलवर घेऊन आमच्याकडे आला तेव्हा त्या काळ्या बोटांच्या सांध्यांत कणीक वाळून बसली होती आणि अंगठा हळदीने पिवळा झाला होता.

"बंद पडला," तेजलाल म्हणाला.

"बंद नाई पडला, थकला," अनुसया म्हणाली. "साहेब, मले शाळेत वाढता येईन असा हात द्या."

वाढता येईन असा. तिचा शब्द हाच होता. आम्ही ऐकला 'स्वयंपाक करता येईल असा'.

आमच्याकडे नेहा मॅडम होत्या. हात बसवल्यावर तो वापरायला शिकवण्याचं काम त्यांचं. मुलगी हुशार, भोपाळकडून आलेली, कष्टाळू. त्यांनी अनुसयाची रीतसर परीक्षा घेतली. मध्ये फळी असलेली एक लाकडी पेटी असते. एका कप्प्यातले ठोकळे उचलून फळीवरून दुसऱ्या कप्प्यात टाकायचे, कुठल्या हाताने जास्त जातात ते पाहायचं. बॅटरीचा हात दुरुस्त करून लावला, तर प्रत्येक ठोकळ्याला ती बोटांकडे डोळे लावून बसे. दिसायला हातासारखा असलेला एक तारेचा पंजाही आमच्याकडे होता, पण त्याची जाड बोटं ठोकळ्यावर आली की खालचा ठोकळाच दिसत नसे. आकडा लावला आणि बाईने कप्पा रिकामा करून टाकला.

मग खरी परीक्षा. ठोकळे उचलण्यासाठी कुणी हात मागायला येत नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत. मी एक पेटारा ठेवला होता: जेवणाचा डबा, नाडी, काडीपेटी, सुतळी, पोळपाट. अनुसयासाठी त्यात विळी आली. विळी पायाखाली दाबलेली असते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. आकड्याने भोपळ्याचं एक टोक धरायचं, डाव्याने दुसरं, आणि ढकलायचं. तिने भराभर फोडी पाडल्या. तांदूळ धुतले, फोडणी दिली, उकळत्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण आकड्यानेच उचललं. नेहा मॅडम खूश.

"हे सारं जमते," अनुसया म्हणाली. "वाढाचं काय?"

"उसमें क्या है, दीदी," मॅडम म्हणाल्या. "हुक में बाल्टी पकड़ो, और उल्टे हाथ से परोसो."

आमच्या धंद्यातला हा पाठच आहे. एक हात गेला की उरलेला हात मुख्य, मग तो डावा का असेना. कृत्रिम हाताने नुसतं धरायचं. अनुसयाने आकड्यात बादली अडकवली, डाव्या हातात पळी घेतली आणि आमच्या रिकाम्या ताटांत पाणी वाढून दाखवलं. थेंब सांडला नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अनुसयाने पळी धुऊन जागेवर ठेवली आणि ती गेली.

अक्षय्य तृतीया झाली आणि दोघं पुन्हा दारात उभी. बोलायचं काम तेजलालने केलं. पितरांचं जेवण होतं. भाऊबंदांच्या पंगतीत अनुसया आकड्यात बादली धरून डाव्या हाताने वरण वाढत चालली होती. डोमाजींजवळ आली. डोमाजी म्हणजे तिचे चुलत सासरे, घरातले सगळ्यांत वडील. त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. म्हणाले, "डाव्या हातचं मी नाई घेत, बाई." शिवी नाही, आवाज चढवणं नाही. नुसता हात धरला. मग शेजारच्यानेही धरला.

गोष्ट इथेच संपली असती तर घरातल्या घरात राहिली असती. पण डोमाजींचे दोन नातू त्याच शाळेत. डोमाजी स्वतः पालकांच्या समितीतही होते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडते त्या दिवशी गावातल्या वडीलधाऱ्यांना मुलांबरोबर जेवायला बसवतात, आणि त्यांच्या ओळीत पहिलं ताट डोमाजींचं. समूहाच्या अध्यक्षबाईंनी अनुसयाला साफ सांगून टाकलं होतं, "पाह्य बाई, त्यायनं ताटावर हात ठेवला तं बाकीचे बी ठेवतीन. मंग मले दुसरी बाई पाहाव लागन."

मला संताप आला. आम्ही इकडे जीव काढून हात बसवतो, बाई धडपडून शिकते, आणि एक म्हातारा आडवा तळवा धरून सगळं पाण्यात घालतो! "त्यांना माझ्याकडे घेऊन ये," मी तेजलालला म्हणालो. "आकड्यावर काय नि डाव्यावर काय, चांगलं सांगतो त्यांना."

"सांगू नका, साहेब," अनुसया म्हणाली. "त्यायचं काही चुकलं नाई."

"काहून नाई चुकलं?" रागात मीही तिच्याच बोलीवर आलो.

"मले बी डाव्यानं वाढाले कसंतरीच होते. लहानपणी डाव्यानं पोळी वाढली तं मायनं हातावर उलथनं हाणलं होतं. लेकरायच्या ताटात डाव्यानं टाकतो तं वाटते, कुत्र्याले टाकून राह्यलो. मीनं पहिल्या दिवशीच म्हटलं होतं ना, वाढता येईन असा हात द्या म्हून?"

म्हटलं होतंच. राग ओसरला आणि मी कामाला लागलो, कारण आता निदान काय करायचं ते कळलं होतं. डाव्यात बादली, उजव्यात पळी.

आता वाचकांनी एक करून पाहावं. हातात पळी आहे असं समजा आणि ती ताटात रिती करा. बोटं काय करतात? काही नाही, नुसती धरून बसतात. सगळं काम मनगट करतं. हात म्हटलं की लोक बोटं मोजतात, शिबिरात फोटोही बोटांचेच काढतात. पण चावी फिरवणं, पाणी ओतणं, ताट पुसणं हे सगळं मनगटाचं खातं. अनुसयाने लावून पाहिलेल्या तिन्ही हातांत वळणारं मनगट नव्हतंच. वळणारी मनगटं असतात, पण ती तिच्या वाट्याला आली नव्हती आणि आली असती तरी वाफेत किती टिकली असती कोण जाणे.

आकड्यात पळी दिली. दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, तरी आकड्याच्या दोन बोटांमध्ये ती झोके घ्यायची. अनुसया हात तिरका करी आणि भरलेली पळी आपल्या वजनाने सरळ लोंबत राही. ओतायचं झालं तर कोपर पार खांद्याच्या वर उचलावं लागे. तशाने एकदा शेजारी बसलेल्या आमच्या शिपायाच्या कपाळावर कोपर बसलं. बॅटरीच्या हाताने पळी घट्ट धरली, झोका नाही, पण कोपर तसंच वर. शिपाई या वेळी लांब बसला होता.

आकडा मनगटाच्या जागी आट्यांवर बसवलेला असतो, नळाच्या तोटीसारखा. फिरवला की निघतो. तो तेलपाण्यासाठी काढून ठेवला होता, आणि टेबलावर एका बाजूला पळी पडलेली. मी दोन्हीकडे पाहिलं. पळी आकड्यात धरायची, आकडा मनगटात बसवायचा. मधला दलाल हवा कशाला? पळीच मनगटात बसवली तर?

नेहा मॅडमना पटेना. "पर सर, फिर तो ये हाथ ही नहीं रहा."

"हात मागितला कोणी?" मी म्हणालो. "वरण वाढायचंय."

गावातल्या भांड्यांच्या दुकानातून चांगली जाड पळी आणली. दांड्याच्या शेवटी त्याच आट्यांचा बोल्ट वेल्डिंग करून घेतला. सरळ बसवली तर ओतायला पुन्हा कोपर उचला. म्हणून दांडा मनगटापाशी काटकोनात वाकवला, पळी खाली लोंबेल अशी. आता कोपर वाकवलेलं असलं की पळी सपाट राहते. कोपर सरळ करत नेलं की पळी पुढे कलते आणि वरण समोर पडतं. मनगटाचं काम कोपराला दिलं. ऐकायला सोपं, पण किती वाकवायचं ते काही पुस्तकात नाही. जास्त वाकली की बादलीतून उचलतानाच सांडे, कमी वाकली की निम्मं वरण पळीतच राही. अनुसया वाढायची, आम्ही जमिनीवर ताट घेऊन बसायचो, पाणी मांडीवर पडायचं, मी पळी काढून लोखंडी शिकंज्यात आवळून थोडी ठोकायचो, पुन्हा बसायचो. मुलं खाली बसतात आणि ही उभी, म्हणून दांडा लांब केला. लांब केल्यावर जड झाला, म्हणून पुढची वाटी लहान घेतली. सरकारी नोकरीत इतकं भिजलेला माणूस दुसरा नसेल. अखेर एका दुपारी तिने ओळीने सगळ्यांना वाढलं, कोणी भिजलं नाही, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "आता झालं."

माझ्या मनात मात्र झालं नव्हतं. पळी उजव्या बाजूला होती खरी, पण हात कुठे होता? डाव्या हाताने नको म्हणणारा माणूस बोल्टने बसवलेल्या पळीतून घेईल? हे मी तिला बोललो नाही. शाळा उघडण्याच्या दिवशी रजा टाकली आणि वारासिवनीची बस धरली.

शाळेच्या वऱ्हांड्यात पट्ट्या अंथरल्या होत्या. एका बाजूला मुलं, समोर गावातली मोठी माणसं. डोमाजी पहिल्या ताटावर, पांढरं धोतर, उंच, शांत माणूस. मला वाटलं होतं तसा खाष्ट चेहरा नव्हता. उलट नातवाच्या शर्टाचं बटण लावून देत होते. अध्यक्षबाई दाराशी उभ्या, आणि त्यांच्यामागे एक बाई पदर खोचून तयार. ती कशासाठी उभी आहे हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

अनुसया आली. डाव्या हातात बादली, उजवीकडे कोपरापर्यंत पदर, त्याखालून लोंबणारी पळी. तिने मुलांपासून सुरुवात केली. मुलांनी एकदा वाकून पाहिलं, एकाने "अरे वा, फिट है!" म्हटलं, आणि मग सगळ्यांचं लक्ष ताटाकडे. मुलांची ओळ संपली. ती वळली आणि डोमाजींसमोर उभी राहिली. बादलीत पळी बुडवली, उचलली.

डोमाजींनी ताटावर हात धरला.

डोमाजी त्या पळीकडे खालून वर पाहत गेले: वाटी, वाकवलेला दांडा, बोल्ट, पट्टा, पदर. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"उजवा हाये का हा?"

"उजवाच हाये, मामाजी," अनुसया म्हणाली. पळी स्थिर होती.

"मंग थांबली काहून?" त्यांनी हात काढून घेतला. "वाढ."

तिने कोपर सरळ केलं. वरण भाताच्या मधोमध पडलं, एक थेंब बाहेर नाही. मागची बाई खोचलेला पदर सोडून हळूच आत निघून गेली. इतकी वर्षं मी ज्याला यंत्र म्हणत आलो त्याला या म्हाताऱ्याने एका प्रश्नात हात करून टाकलं होतं. मला त्यांच्यावर रागावायला आता काही कारणच उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर थोडी चुटपुटही लागली.

डोमाजींनी भात कालवला, घास घेतला, सावकाश चावला. सगळे बघताहेत याची त्यांना फिकीर नव्हती.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले.

थ्रेशरमध्ये हात गेला त्या दिवसापासून अनुसयाने जे काही रांधलं त्याला घरात, दारात, आमच्या केंद्रात सगळ्यांनी छान म्हटलं होतं. करपलेल्या भाकरीलाही. तिच्या हातच्या अन्नाला नाव ठेवणारा हा पहिला माणूस. तिचे डोळे भरून आले आणि ती हसली, दोन्ही एकदमच.

"आन्तो, मामाजी," म्हणत ती लगबगीने आत वळली, आणि वळता वळता नेहमीच्या चढ्या आवाजात तिने चुलीपाशी मदतीला बसलेल्या बाईला झापलं, "काहून वं, चाखून नाई पाह्यलं तुनं?"